पोटावर चालणारी फोटोग्राफी

पावसाळ्यात सह्याद्रीत फुलं बघायला जाणाऱ्या माणसांचे दोन पंथ आहेत. एक पठारवाल्यांचा, दुसरा रानवाल्यांचा. पठारवाले कासला जातात. तिथे आभाळ मोकळं, उजेड मुबलक, फुलं लाखांनी आणि माणसं त्या खालोखाल. मोबाइल कसाही धरा, कुठेही बोट दाबा, फोटो येतो. मागे डोंगर, पुढे जांभळी फुलं, मधे वहिनी. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात कासही आलं. तेव्हापासून हा वारसा वहिनींच्या मागे थोडा थोडा दिसत असतो.

रानवाल्यांना हे फार सोपं वाटतं. ते भीमाशंकरला जाऊन देवळाकडे आणि आंबोलीला जाऊन धबधब्याकडे पाठ फिरवतात आणि झाडीत शिरतात. वर जांभूळ, अंजनी, हिरडा यांचं छप्पर, छपरावर धुकं, धुक्यावर ढग, आणि ढगांपलीकडे सूर्य असावा असा सर्वसाधारण समज. या सगळ्याच्या तळाशी, कुजक्या पानांत, नखाएवढं एक फूल. त्याचा फोटो काढायचा. का काढायचा, असं विचारलं तर उत्तर एकच असतं, 'पठारावरचा फोटो काय, कोणीही काढतं.'

आमचा असाच एक चमू आहे. त्यात एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत. त्यांना आम्ही साहेब म्हणतो, कारण त्यांना तेच आवडतं. त्यांच्या सोबत काकू असतात, कारण छत्री कोणीतरी धरावी लागते. वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका आहेत. त्या सगळ्यांच्याच बाई. आणि एक कॉलेजातला पोरगा आहे. त्याच्याकडे फक्त मोबाइल आहे आणि त्याला त्याचं काहीही वाटत नाही.

आता आधी उजेडाचा हिशेब करू, कारण साहेबांशी मैत्री ठेवायची तर हिशेबापासून सुटका नाही. फिल्मच्या काळापासून चालत आलेला एक नियम आहे. लख्ख उन्हात अॅपर्चर एफ १६ आणि आयएसओ १०० असेल, तर शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडा ठेवायचा. पावसाळी ढग दाटले की उजेड साधारण आठपट कमी होतो. दाट झाडीखाली जमिनीपर्यंत पोचताना त्यातलेही एक-दोन टक्केच उरतात. म्हणजे फुलाच्या वाट्याला उन्हाचा जवळपास पाचशेवा हिस्सा. सेकंदाच्या शंभराव्या भागात होणारं काम आता पाच सेकंदांवर गेलं. त्यात मॅक्रो लेन्सचा एक छुपा खर्च असतो. फूल सेन्सरवर मूळ आकाराएवढं घ्यायचं, तर आत येणारा उजेड आणखी चौपट घटतो. पाचाचे वीस झाले. वीस सेकंद फुलाने हलायचं नाही, वाऱ्याने यायचं नाही आणि काकूंनी 'झालं का?' असं विचारायचं नाही. यातलं एकही कलम आजवर पाळलं गेलेलं नाही.

गंमत म्हणजे डोळ्याला यातलं काही कळतच नाही. जंगलात शिरल्यावर थोड्या वेळात तो अंधाराला सरावतो आणि 'आहे की चांगला उजेड!' असा दाखला देऊन मोकळा होतो. कॅमेरा मात्र हातात पडेल तेवढंच जमा धरतो.

अॅपर्चर, शटर आणि आयएसओ हे एका पगारावर जगणारं तीन भावांचं एकत्र कुटुंब आहे. कमावता एकच, उजेड. कासला पगार दणदणीत, म्हणून तिघंही गुण्यागोविंदाने नांदतात. भीमाशंकरच्या झाडीत पगार पाचशेव्या हिश्शावर आला की घरात कळतं, कोण कोणाचा किती भाऊ आहे. अॅपर्चर म्हणतं, मला सैल सोडा. सोडलं एफ २.८ वर, की उजेड येतो, पण स्पष्ट दिसणारा थर उरतो जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. एका पुंकेसराचं टोक सुरेख येतं आणि बाकीचं फूल धुक्यात जातं. त्याला आवळलं एफ १६ पर्यंत, तर थर दोन मिलिमीटरांच्या घरात पोचतो आणि शटर वीस सेकंद हात पसरून उभं राहतं. मग आयएसओ सोळाशेवर नेऊन कर्ज काढायचं. वीस सेकंदांचा सव्वा सेकंद होतो. चौसष्टशेवर नेलं तर सेकंदाचा तिसरा हिस्सा. पण कर्जाचं व्याज पाकळ्यांवर दाणे दाणे होऊन दिसतं. साहेबांनी हयातभर लोकांची कर्ज प्रकरणं मंजूर केली. स्वतःचा आयएसओ मात्र ते चारशेच्या वर जाऊ देत नाहीत.

हिशेब संपला की आसन सुरू होतं. रानातली बरीच फुलं जमिनीलगत असतात. काळी मुसळी घ्या. पावसाला सुरुवात झाली की पात्यांच्या बुडाशी तिचं सहा पाकळ्यांचं पिवळं चांदणीसारखं फूल उगवतं. दांडा असतो नावापुरता, फुलाचं अंडाशयही मातीखालीच दडलेलं असतं. ज्या फुलाने स्वतःच जमिनीच्या वर यायला नकार दिला आहे, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा तर माणसाला पालथं पडण्याशिवाय गत्यंतर नाही. ट्रायपॉड इथे कामाचा नाही. साधा ट्रायपॉड कितीही खाली आणला तरी फूल त्याच्या गुडघ्याशी येतं. म्हणून जाणकार कापडी पिशवीत तांदूळ भरून आणतात आणि कॅमेरा तिच्यावर टेकवतात. युक्ती चांगली आहे, फक्त आंबोलीच्या पावसात दुपारपर्यंत त्या तांदळाची पेज व्हायच्या बेतात येते.

तर भीमाशंकरच्या रानात साहेब असेच पालथे होते. काकू छत्री धरून उभ्या, पोरगा टॉर्च धरून ओणवा, बाई पलीकडे एका खोडापाशी. इतक्यात गुरांमागे निघालेले एक बाबा थांबले. बराच वेळ त्यांनी हे दृश्य पाहिलं.

"काय हरीवलं का सायेब?"

"नाही बाबा, फोटो काढतोय," साहेब मान न हलवता म्हणाले.

"कशाचा?"

साहेबांनी एक बोट वर केलं. बाबा वाकले, बघितलं, सरळ झाले.

"मुसळी हाय ती."

"हो, काळी मुसळी."

"आमच्या बांधाला लई हाय. ऊन बी हाय तितं."

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. बाबा चार पावलं गेले, आणि मागे वळून म्हणाले, "आन् तुमच्या पोटाखाली बी दोन हाईत."

साहेब उठले. होत्या. एक अजून बरी होती.

पुढचा अडथळा वारा. आपल्याला झुळूकही जाणवत नाही, तेव्हा फुलाच्या अंगात वारं आलेलं असतं. सगळे श्वास रोखतात. 'आता!' असं कोणीतरी पुटपुटतं. शटर उघडतं आणि नेमक्या त्या क्षणी वरच्या पानावरून टपोरा थेंब फुलावर पडतो. पाऊस थांबून अर्धा तास झालेला असतो, पण झाडांचा पाऊस थांबलेला नसतो. मान हलवून हलवून फूल नको नको म्हणत राहतं. काकूंनी छत्री वाऱ्याच्या बाजूने आडवी धरली तर थोडा आडोसा होतो, पण मग थेंब साहेबांच्या मानेवर पडतात. छत्री एकच असल्यामुळे फूल की नवरा, हा प्रश्न दर पावसाळ्यात नव्याने उभा राहतो. काकूंचं उत्तर अजून एकदाही बदललेलं नाही. फूल कोरडं असतं.

श्रावणात मात्र कधी कधी ढग फाटतात आणि झाडीतून एक कवडसा खाली उतरतो. चमूत एकदम धावपळ उडते. कवडशाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. पानांमधल्या बारीक भोकातून जमिनीवर पडणारं ते गोल म्हणजे सूर्याचीच प्रतिमा असते. भोक वीस मीटर उंचीवर असलं आणि सूर्य डोक्यावर असला, तर त्या गोलाचा व्यास भरतो साधारण १९ सेंटिमीटर, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे तो मिनिटाला जवळजवळ ९ सेंटिमीटर सरकतो. म्हणजे एका फुलावर त्याचा मुक्काम दोन मिनिटांचा. रानतळाची झाडं तेवढ्यात आपलं अन्न शिजवून घेतात. दिवसभरातले असे तुटक कवडसे हा त्यांच्या पोटापाण्यातला मोठा वाटा असतो. आपल्या चमूत मात्र त्या दोन मिनिटांत लेन्सचं झाकण सापडत नाही, ते सापडेपर्यंत चष्म्यावर वाफ धरते, आणि ती पुसून होईपर्यंत कवडसा शेजारच्या शेणावर गेलेला असतो. शेणाचा फोटो मात्र अप्रतिम येतो.

सूर्य सहकार्य करत नाही म्हटल्यावर घरगुती उजेड निघतो. फ्लॅश असतोच, पण तो थेट मारला की फुलामागचं सगळं रान काळंकुट्ट होतं, ओली पानं चकाकतात आणि फूल आधारकार्डावरच्या चेहऱ्याने बघत राहतं. म्हणून त्याच्यापुढे बटर पेपर धरायचा. तो नसेल तर बाईंची पांढरी ओढणी. उजेड फुलाच्या सावलीतल्या बाजूला परतवायला बाजारात छानदार रिफ्लेक्टर मिळतात, पण रानात खरा भाव असतो तो वेफर्सच्या पाकिटाच्या चंदेरी आतल्या बाजूला. पाकीट मोकळं करण्याची जबाबदारी पोरगा नेहमी स्वखुशीने घेतो. डब्याचं स्टीलचं झाकणही चालतं. चौघं मिळून टॉर्च, झाकण, पाकीट आणि ओढणी धरून एका फुलाभोवती उकिडवे बसले आहेत, हे दृश्य एखाद्या अनोळखी ट्रेकरने लांबून पाहिलं, तर तो हात जोडूनच पुढे जातो. इथे कसलं तरी जागृत स्थान आहे अशी त्याची खात्री पटते.

एवढं करून उजेड मिळाला तरी त्याचा रंग आडवा येतो. पानं सूर्यप्रकाशातला तांबडा आणि निळा भाग बराचसा गिळतात आणि हिरवा खाली सोडतात. त्यामुळे रानतळाला जो उजेड असतो तो हिरवट. हबेनारिया प्रजातीतल्या पांढऱ्याशुभ्र आमरीचा, म्हणजे ऑर्किडचा, साहेबांनी काढलेला फोटो बाईंनी निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "या रंगाची आमरी सह्याद्रीत अजून नोंदलेली नाही. नवीन सापडली असेल तर शोधनिबंध लिहा. नाहीतर व्हाइट बॅलन्स बघा." पांढऱ्या फुलाची आणखी एक खोड आहे. भोवती अंधार पाहून कॅमेरा कळवळतो, सगळं चित्र उजळवायला जातो आणि त्या नादात फुलाचा पांढरा डाग करून ठेवतो. पाकळ्यांवरच्या शिरा, कडा, सगळं धुऊन निघतं. म्हणून काळोखातलं पांढरं फूल टिपायचं तर कॅमेऱ्याला मुद्दाम थोडं कमी उजळायला सांगावं लागतं. आधीच अंधार, त्यात आणखी अंधार करा, हे साहेबांना पटायला बराच काळ गेला.

हे सगळं चालू असताना पोरग्याने मोबाइलवर फोटो काढलेला असतो. मोबाइलचा नाइट मोड पटापट बरीच चित्रं टिपतो आणि एकावर एक बसवून त्यांतून एक बनवतो. जे हलत नाही ते झकास येतं. फोटोत दगड, शेवाळ, मुंगीने टाकून दिलेलं पान, सगळं लख्ख असतं, आणि मधे फुलाच्या जागी एक पिवळा पश्चात्ताप. मग तो पोर्ट्रेट मोड लावतो. पार्श्वभूमी धूसर करता करता त्यातलं सॉफ्टवेअर चार पुंकेसरांनाही पार्श्वभूमीत जमा करतं. तरी दहातला एक फोटो खरोखर सुंदर येतो, आणि तो साहेबांची तांदळाची पिशवी नीट बसायच्या आत सगळ्यांच्या फोनवर पोचलेला असतो. या फोटोबद्दल साहेब फक्त 'हं' म्हणतात. तो 'हं' पाच सेकंदांचा असतो.

जळवांचा उल्लेख टाळता येत नाही, कारण त्या आपल्याला टाळत नाहीत. आंबोलीच्या रानात पालथं पडलेला माणूस म्हणजे त्यांच्यासाठी वाढलेलं पान. जळू चावते तेव्हा कळत नाही. सोडून जाते तेव्हाही कळत नाही. रक्त गोठू न देणारं द्रव्य तिच्या लाळेत असल्यामुळे मोजा लाल झाल्यावर कळतं. फोटोच्या वेळी हलायचं नाही हा नियम आमच्या चमूत काटेकोरपणे पाळणारी तेवढी एकटीच. माणसाला जळू, तसा लेन्सला बुरशीचा त्रास. दमट हवेत लेन्सच्या आत बुरशीची नाजूक जाळी वाढते. साहेबांनी त्यासाठी घरातला हवाबंद डबा आणि सिलिका जेल असा बंदोबस्त केला आहे. लोणच्याला आता बुरशी येते, लेन्सला येत नाही.

या सगळ्यात बाई मात्र शांत असतात. त्यांना फोटोत कला नको, पुरावा हवा. पानाची खालची बाजू, देठावरची लव, शेजारी मापाला रुपयाचं नाणं. साहेब तासभर खपून पार्श्वभूमी मखमली करतात आणि बाई विचारतात, "पान कुठंय?" थिओडोर कुक हे त्यांचं दैवत. हे गृहस्थ पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे प्राचार्य होते, आणि मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाला. पाकळी किती लांब, कडा कशी, लव कुठे, सगळं शब्दांत. आमच्या काळात सह्याद्रीतल्या फुलांचं फोटोंसह पुस्तक केलं ते पुण्याच्या श्रीकांत इंगळहळीकरांनी. तेही इंजिनीअर. इंजिनीअरांना रानात फिरायला इतका वेळ कसा मिळतो, या प्रश्नावर बाई म्हणतात, "म्हणून तर आपले रस्ते तसे आहेत." कुकच्या काळच्या अभ्यासकांना उजेडाची अडचण नव्हती. नमुना खुडायचा, टीपकागदात दाबायचा, वाळवायचा. मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये असे जुने नमुने आजही जपलेले आहेत. फोकस अचूक, एकही हललेला नाही.

बाई एकदा चहाच्या टपरीवर बोलता बोलता जे म्हणाल्या, ते मला आमच्या सगळ्या सामानापेक्षा वजनदार वाटतं. त्या म्हणाल्या, "या फुलांना अंधाराची काही अडचण आहे असं मला कधी वाटलं नाही. ही पांढरी आमरी रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी फुलते. सापकांद्याच्या त्या फण्याखाली चिलटं शिरतात, ती वासाच्या मागे. तो सापकांदा तर पोटात साठा कमी असेल त्या वर्षी नर असतो आणि साठला की मादी होतो. त्याचं सगळं राजकारण जमिनीखाली. आणि ती जांभळट, खाली मान घातलेली आयजिनेशिया पाहिलीत? तिला हिरवं पानच नाही. गवताच्या मुळांतून अन्न ओढून घेते. तिला ऊन नसलं तरी चालतं." मग साहेबांच्या बॅगेकडे बघून त्या म्हणाल्या, "या सगळ्या रानात उजेड कमी पडतो तो फक्त तुम्हाला." साहेबांनी चहाचे पैसे दिले.

घरी आल्यावर निवडलेला एकमेव फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो. दीड सेंटिमीटरची मुसळी मोबाइलभर होऊन बसलेली असते. पहिला प्रतिसाद येतो, 'वा! सूर्यफूल का?' मावशी विचारते, 'कुंडीत येईल का?' मामांना फुलापेक्षा गुणात रस, 'औषधी आहे का? कशावर चालतं?' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोटो, त्यावर 'शुभ सकाळ' आणि चांगल्या विचारांचं एक वाक्य छापून, साहेबांनाच परत येतो. वाक्य नेमकं फुलावर छापलेलं असतं. फक्त मखमली पार्श्वभूमी शाबूत.

यात चेष्टेचा भाग संपतो तो 'कुठे मिळतं?' या प्रश्नापाशी. कारण कुंडीत येईल का आणि कशावर चालतं, या दोन प्रश्नांचा पुढचा टप्पा खुरपं हाच असतो. आमरीसारखं फूल कुठल्या वाटेवर, कुठल्या ओढ्याकाठी सापडलं, हे आम्ही आता कोणालाही सांगत नाही. तुम्हीही सांगू नका. तालुक्याचं नाव पुष्कळ झालं. आणखी एक सवय सोडण्यासारखी आहे, ती फुलाभोवतीचा 'कचरा' साफ करण्याची. आडवं येणारं गवत उपटायचं, कुजकी पानं बाजूला सारायची, बाटलीतून पाणी मारून दवबिंदू तयार करायचे. तो कचरा म्हणजे त्या फुलाचं अंथरूण-पांघरूण आणि पुढच्या वर्षीचं खत असतं. आडवं आलेलं पातं हळूच वाकवून धरता येतं. काकू आहेतच.

फोटो हलला तर हलला. नाहीच आला तरी त्या फुलाचं काही अडत नाही, त्याचं चिलट वेळेवर येऊन गेलेलं असतं. पण रानात पालथं पडायचंच असेल, तर आधी गुडघे टेकून, हात टेकून, ती जागा नीट बघून घ्या. पोटाखाली काय होतं ते उठल्यावर बघून उपयोग नसतो.